बाटलीत न आलेलं पान

आलापल्लीहून भामरागडकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो. पाऊस ओसरला की सकाळच्या वेळी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दवाचे थेंब लटकतात आणि एरवी न दिसणारी कोळ्यांची जाळी एकाएकी दिसू लागतात. लोकबिरादरी प्रकल्पामुळे हेमलकसा हे नाव महाराष्ट्रभर पोचलं. तिथे जाणारा पाहुणा दवाखाना पाहतो, शाळा पाहतो, बिबटे आणि अस्वलं पाहतो, भामरागडला जाऊन तीन नद्यांचा संगम पाहतो. झुडपातल्या दुमडलेल्या पानाकडे मात्र सहसा कोणाचं लक्ष जात नाही.

भारतात बऱ्याच ठिकाणी आढळणारा एक कोळी अशा पानात राहतो. त्याचं जाळं चाकासारखं गोल असतं, पण त्याचा एक तुकडा कापून काढल्यासारखा रिकामा असतो आणि मध्यभागी कोणीच बसलेलं नसतं. त्या रिकाम्या जागेतून एकच ताणलेला धागा जवळच्या पानाकडे जातो. पान रेशमाने ओढून दुमडलेलं असतं. आत सेंटिमीटरभराचा कोळी त्या धाग्यावर पाय ठेवून बसलेला असतो. जाळ्यात माशी अडकली की धागा थरथरतो आणि घरमालक बाहेर येतो. फिकट पोटावर मूत्रपिंडाच्या आकाराचा गडद डाग ही त्याची खूण.

या कोळ्याला शास्त्रीय नाव मिळालं १८८६ साली. ते देणारे यूजेन सिमाँ पॅरिसचे. पान गुंडाळून राहणाऱ्या कोळ्यांच्या दोन प्रसिद्ध प्रजातींनाही, एक ऑस्ट्रेलियातली आणि दुसरी मुख्यतः आग्नेय आशियातली, त्यांनीच नाव दिलं. कोळ्यांच्या अभ्यासात जगभर आजही ज्यांच्या नावावाचून पान हलत नाही, अशा या माणसाची ही गोष्ट.

सिमाँ यांचा जन्म ३० एप्रिल १८४८ रोजी पॅरिसमध्ये झाला. मुलं काड्यापेटीत किडे जमवतात, तसा या मुलालाही कोळी जमवण्याचा नाद होता. बहुतेकांचा असा नाद शाळेबरोबर सुटतो. याचा सुटला नाही. १८६४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने कोळ्यांच्या निसर्गेतिहासावर एक पुस्तक छापून आणलं. आपल्याकडे ज्या वयात दहावीचा निकाल लागतो, त्या वयात हा मुलगा कोळ्यांची कुळं कशी लावावीत यावर मत मांडत होता.

त्या काळी हे काम किती विस्कळीत होतं, ते समजून घ्यायला हवं. प्राण्यांना दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत रूढ झाली ती स्वीडनच्या लिनिअस यांच्यामुळे. प्राण्यांची अधिकृत नावं १७५८ सालच्या त्यांच्या ग्रंथापासून मोजली जातात. याला अपवाद कोळ्यांचा. त्यांची नावं एक वर्ष आधीपासून, म्हणजे कार्ल क्लार्क या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासकाच्या १७५७ सालच्या पुस्तकापासून, ग्राह्य धरली जातात. सुरुवात अशी मानाची झाली, तरी पुढच्या शंभर वर्षांत जो तो आपापल्या देशातल्या कोळ्यांना नावं देत सुटला. एकाच कोळ्याला तीन देशांत तीन नावं आणि एकाच नावाखाली दहा निरनिराळे कोळी, असा प्रकार झाला होता.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा जातीचा. पहिला आडनावासारखा असतो, दुसरा पाळण्यातल्या नावासारखा. अनेक प्रजाती मिळून एक कुळ होतं. नुसतं पाळण्यातलं नाव देणं त्या मानाने सोपं असतं. कोण कोणाचा भाऊबंद हे ठरवून आडनाव देणं आणि मग कुळ लावणं, यात कस लागतो. गावच्या जमिनीचे सातबारे लावताना तलाठ्याची जी दमछाक होते, ती सिमाँ यांनी साऱ्या जगातल्या कोळ्यांसाठी आपणहून ओढवून घेतली.

विद्यापीठाची प्राध्यापकी त्यांनी केली नाही. पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयाशी त्यांचा संबंध आयुष्यभर राहिला. फ्रान्सच्या कीटकशास्त्र मंडळाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. पण कोळ्यांचं काम हा त्यांचा स्वतःचा उद्योग होता. भूमध्य सागराच्या काठचे देश त्यांनी पायाखाली घातले. १८८७-८८ मध्ये ते व्हेनेझुएलात गेले, १८९० मध्ये फिलिपिन्सला, १८९२ मध्ये श्रीलंकेला आणि १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेला. आगबोटीने आठवडेच्या आठवडे प्रवास करायचा, उतरल्यावर दगड उलथायचे, झाडाच्या साली सोलायच्या, झुडपं झोडपायची आणि हाताला लागेल ते मद्यार्काच्या बाटलीत घालायचं, असा हा प्रवास.

स्वतः जिथे जाता आलं नाही, तिथले कोळी त्यांच्याकडे इतरांनी आणले. भारतातले अनेक कोळी असेच गेले. १८८५ साली त्यांनी दक्षिण भारतातल्या कोळ्यांवर लेख छापला. त्यातले काही नमुने गुंतकलजवळच्या वज्रकरूर इथले होते. ते आणणारे शापेर हे खाणतज्ज्ञ त्या भागातल्या हिऱ्यांचा शोध घेत होते. हिरे पाहायला गेलेला माणूस येताना कोळीही घेऊन आला! दुसरे नमुने रामनाडहून एका फ्रेंच धर्मगुरूंनी जमवले होते.

महाराष्ट्राची पाळी आली १८९६ साली. मोरिस मँद्राँ हे कीटक जमवणारे आणि पुढे ऐतिहासिक कादंबऱ्यांसाठी नावाजलेले फ्रेंच गृहस्थ त्या वर्षी कराचीला आणि माथेरानला आले. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी सुरू व्हायला तेव्हा अजून अकरा वर्षं होती. माथेरानच्या तांबड्या मातीतून आणि दाट झाडीतून मँद्राँ यांनी जमवलेले कोळी पॅरिसला पोचले आणि १८९७ साली सिमाँ यांनी त्यांच्यावर लेख लिहून संग्रहालयाच्या नियतकालिकात छापला. सह्याद्रीतल्या कोळ्यांच्या शास्त्रीय नोंदींमधल्या जुन्या नोंदींपैकी ही एक. ज्यांच्या डोंगरावरचे ते कोळी, त्यांना त्याचा पत्ताही नसणार.

याच काळात सिमाँ यांचा सर्वांत मोठा ग्रंथ हप्त्याहप्त्याने छापला जात होता. सोळाव्या वर्षी लिहिलेल्या पुस्तकाची ही दुसरी आवृत्ती. पण नाव तेवढं जुनं, बाकी सगळं नवं. १८९२ ते १९०३ अशी अकरा वर्षं ते काम चाललं. दोन खंड मिळून दोन हजारांहून अधिक पानं झाली. जगातल्या तेव्हा माहीत असलेल्या कोळ्यांच्या प्रजाती कुळावार लावून, प्रत्येकीच्या खुणा सांगून, एका माणसाने एकहाती केलेली ही मांडणी. आयुष्यभरात त्यांनी सुमारे ४००० जातींना नावं दिली.

कोळी ओळखताना सिमाँ काय बघत? आठ डोळे कसे मांडलेत, एका ओळीत की दोन ओळींत, कोणता मोठा, कोणता लहान. जबड्यांना दात किती. पायांच्या टोकाला नख्या दोन की तीन. रेशीम सोडणाऱ्या अवयवांची रचना कशी. अंगावरचा रंग मद्यार्कात उडून जातो, पण डोळे, दात आणि नख्या शंभर वर्षं टिकतात. म्हणून टिकणाऱ्या गोष्टींवर त्यांनी भिस्त ठेवली.

गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांपर्यंत हा ग्रंथ आला तेव्हा, १८९४ साली, त्यांनी फोनोग्नाथा ही प्रजाती मांडली. ऑस्ट्रेलियातल्या एका कोळ्याला जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कायझरलिंग यांनी १८६५ साली नाव दिलं होतं, पण तेव्हा तो एका मोठ्या सरमिसळ प्रजातीत टाकला गेला होता. सिमाँ यांनी त्याला स्वतःचं आडनाव दिलं. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, अ‍ॅक्युसिलास ही दुसरी प्रजाती त्यांनी मांडली. तिच्या बहुतेक जाती आग्नेय आशियातल्या जंगलांत राहतात आणि एक आफ्रिकेत.

या दोन्ही प्रजातींचे कोळी जाळ्याच्या मधोमध पान टांगतात. ऑस्ट्रेलियातला कोळी खाली पडलेलं वाळकं पान रेशमाच्या दोराने वर ओढतो, त्याची नळी करतो, वरचं टोक शिवून टाकतो आणि खालचं उघडं ठेवतो. आत बसून पाय तेवढे बाहेर, जाळ्याच्या धाग्यांवर. पक्ष्यांना आणि गांधीलमाश्यांना दिसतं ते जाळ्यात अडकलेलं वाळकं पान. कधी कधी पानाऐवजी गोगलगायीचा रिकामा शंखही चालतो. नर आणि मादी एकाच पानात संसार करतानाही आढळतात. अंडी मात्र जाळ्यापासून दूर, दुसऱ्या दुमडलेल्या पानात ठेवली जातात.

आता पॅरिसच्या टेबलावरची बाटली डोळ्यांसमोर आणू. बाटलीत कोळी आहे, गावाचं नाव लिहिलेली चिठ्ठी आहे. पान नाही. जमवणाऱ्याने कोळी पकडला आणि त्याचं घर तिथेच टाकून दिलं. सिमाँ यांनी स्वतः हिंडून जे पाहिलं ते ग्रंथात लिहिलं, पण परमुलखातून आलेल्या हजारो नमुन्यांबाबत त्यांच्या हाती होतं ते मेलेलं शरीर. जाळं कसं होतं, कोळी दिवसा कुठे बसत होता, अंडी कुठे ठेवत होता, हे सांगणारा साक्षीदार जंगलातच राहून गेला होता.

एका अर्थी हे बरंच झालं. घरावरून कुळ लावलं असतं, तर फसगत झाली असती. ऑस्ट्रेलियाचा फोनोग्नाथा, आशियाचा अ‍ॅक्युसिलास आणि आपल्याकडचा मूत्रपिंडाच्या डागाचा कोळी, तिघेही पानात राहतात, पण ते सख्खे भाऊ नाहीत. पानाआड लपण्याची युक्ती गोल जाळ्यांच्या कोळ्यांत वेगवेगळ्या घराण्यांनी आपापली शोधली आहे. वटवाघूळ उडतं म्हणून ते पक्षी होत नाही, तसंच हे.

पण शरीरावरून लावलेलं कुळही दरवेळी बरोबर येतं असं नाही. फोनोग्नाथाचीच कथा बघा. सिमाँ यांनी तो गोल जाळं विणणाऱ्यांच्या एका भल्यामोठ्या कुळात ठेवला. ते कुळ पुढे फुटून त्याची अनेक कुळं झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस काही अभ्यासकांनी फोनोग्नाथाला लांब जबड्यांच्या कोळ्यांच्या कुळात नेलं. नंतर जनुकांची तुलना करता येऊ लागली आणि तो तिथून परत बाहेर आला. त्याचं नातं नेमकं कोणाशी आणि त्याला स्वतंत्र कुळ द्यावं का, यावर एकविसाव्या शतकातही वाद झाले आहेत. आपल्याकडच्या कोळ्याचंही आडनाव बदललं. सिमाँ यांनी दिलेलं पहिलं आडनाव जाऊन दुसरं आलं आणि २०२१ साली तिसरं, बिजोअरेनिअस. त्यातल्या बिजोचा जपानी भाषेतला अर्थ सुंदर स्त्री. पण पाळण्यातलं नाव, मिटिफिकस, १८८६ पासून तेच आहे आणि त्यापुढे सिमाँ यांचं नावही कायम आहे.

त्यांची आणखी मोठी एक मांडणीही कोसळली. काही कोळ्यांच्या पोटाखाली चाळणीसारखी एक चकती असते. तिच्यातून निघालेलं अतिशय बारीक रेशीम ते पायांवरच्या फणीने पिंजून लोकरीसारखं करतात. आपल्या माळरानावर बाभळी-बोरींवर जाळ्यांची गुंतवळ करून एकत्र राहणारे सामाजिक कोळी याच प्रकारचे. सिमाँ यांनी बहुतेक कोळ्यांचे दोन मोठे गट याच खुणेवर पाडले, चकती असलेले आणि नसलेले. मांडणी नीटनेटकी होती, म्हणून अनेक दशकं टिकली. १९६० नंतर लक्षात आलं की ही चकती फार जुनी आहे आणि अनेक घराण्यांनी ती स्वतंत्रपणे गमावली आहे. ज्यांच्याकडे ती नाही ते सगळे एकमेकांचे नातेवाईक ठरत नाहीत. आजोबांचा वाडा विकला म्हणून दोन कुटुंबं एका रक्ताची होत नाहीत.

यात सिमाँ यांचा कमीपणा नाही. त्यांनी प्रत्येक गटाच्या खुणा स्पष्ट लिहून ठेवल्या होत्या, म्हणूनच त्या चुकीच्या आहेत हे पुढच्यांना दाखवता आलं. अडचण झाली ती दुसऱ्या बाबतीत. त्यांची अनेक वर्णनं त्रोटक, लॅटिन किंवा फ्रेंच भाषेतली आणि बऱ्याच ठिकाणी चित्राविना होती. ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो पॅरिसमध्ये. त्यामुळे भारतात कोळी हातात धरून हा तोच का, असं विचारणाऱ्याला उत्तर मिळायला फार वेळ लागे.

उतारवयात सिमाँ यांचं दुसरं प्रेम पुढे आलं, ते म्हणजे अमेरिकेतले इवलेसे गुंजन पक्षी. १९२१ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी या पक्ष्यांवरही मोठा ग्रंथ छापला. पण हातातलं कोळ्यांचं काम सुटलं नव्हतं. फ्रान्समधल्या कोळ्यांवरची त्यांची मालिका १८७४ मध्ये सुरू झाली होती. १७ नोव्हेंबर १९२४ रोजी पॅरिसमध्ये त्यांचा मृत्यू झाला तेव्हाही ती अपुरीच होती. संग्रहालयातल्या बेर्लां आणि फाज या दोन अभ्यासकांनी मागे राहिलेले कागद लावून ती १९३७ पर्यंत पूर्ण केली. साठ वर्षांहून जास्त चाललेलं एक पुस्तक!

एवढ्या नावांचा आपल्याला उपयोग काय, असा प्रश्न वाचकाला पडणं साहजिक आहे. त्याचं उत्तर आरोग्याशी जोडलेलं आहे. सिमाँ यांनी १८९९ साली नाव दिलेला टेलामोनिया डिमिडिआटा हा उड्या मारणारा कोळी आपल्याकडच्या बागांतही दिसतो. माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही. पण २००२ च्या सुमारास त्याच्याच नावाने एक ईमेल जगभर फिरली. शौचालयाच्या भांड्याखाली हा कोळी बसतो आणि त्याच्या चाव्याने माणसं मेली, असा तिचा मजकूर. सगळं बनावट होतं, पण शास्त्रीय नाव जोडलेलं असल्याने लोकांना ते खरं वाटलं. नावामागचा प्राणी कोणी पाहिला नसेल, तर नावही अफवेच्या कामाला येतं.

याच्या उलटही घडतं. अंगावर काळी खपली दिसली की कोळी मुतला किंवा चावला, असं म्हणून घरगुती लेप लावला जातो. पानात राहणारे किंवा बागेत जाळं विणणारे कोळी क्वचितच चावतात, आणि चावलेच तरी बहुधा थोडी सूज आणि दुखणं यावर भागतं. पण ताप, अंगदुखी आणि काखेत, जांघेत किंवा कपड्याच्या पट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली, तर तो स्क्रब टायफस असू शकतो. हा आजार कोळ्याच्या दूरच्या नात्यातल्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या माइटच्या पिल्लांच्या चाव्यातून होतो. २०१८ च्या पावसाळ्यात विदर्भात त्याची मोठी साथ आली होती. प्रत्येक रुग्णाला खपली दिसतेच असं नाही. डॉक्सिसायक्लिनसारखी साधी औषधं वेळेत मिळाली तर रुग्ण बरा होतो, आणि उशीर झाला तर जिवावर बेततं. गवतात किंवा शेतात वावर झाला असेल आणि ताप उतरत नसेल, तर कोळ्याला दोष देत घरी बसू नये, दवाखाना गाठावा. कोण चावलं हे नीट ओळखणं ही काही फक्त संग्रहालयातली हौस नाही.

भारतात हे ओळखण्याचं काम सिमाँ यांच्यानंतर पुढे गेलं. १९०० साली पोकॉक यांनी भारतातल्या कोळ्यांवर आणि विंचवांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. स्वातंत्र्यानंतर बिनॉय कृष्ण टिकादार या बंगाली शास्त्रज्ञाने भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्यातल्या केंद्रात काम करून भारतीय कोळ्यांची घडी बसवली. गोल जाळं विणणाऱ्या कोळ्यांवरचा त्यांचा खंड १९८२ साली आला, आणि १९८७ च्या त्यांच्या पुस्तिकेने कितीतरी विद्यार्थ्यांना या विषयात आणलं. त्यांनी वर्णनांबरोबर चित्रं दिली आणि नमुने देशातच राहिले, हे विशेष.

जगात नोंदलेल्या कोळ्यांच्या जाती २०२२ साली ५०,००० च्या वर गेल्या. जनुकं वाचणारी यंत्रं आली, पण यंत्रालाही ताजा नमुना जंगलातूनच आणावा लागतो. आणि जनुकं नातं सांगतात, राहणी सांगत नाहीत. तो कोळी कोणत्या झाडाचं पान निवडतो, हिरवं की वाळकं, कोणत्या महिन्यात, अंडी कुठे ठेवतो, हे सांगू शकतो तो रोज त्या वाटेने जाणारा माणूस. भामरागडच्या जंगलातल्या माडिया मुलांनी पाहिलेल्या कितीतरी गोष्टी अजून कोणत्याही वहीत उतरलेल्या नसतील.

सिमाँ यांनी बाटलीतल्या शरीरावरून जेवढं वाचता येतं, तेवढं साठ वर्षं वाचलं. बाटलीत न आलेलं पान अजून झुडपातच आहे. पुढच्या वेळी दवाने भिजलेलं जाळं दिसलं आणि मध्यभागी कोणी नसलं, तर ताणलेल्या धाग्याच्या मागे मागे नजर न्यावी. पान उघडू नये, ते कोणाचं तरी घर आहे. तारीख, जागा आणि झाडाचं नाव वहीत लिहून ठेवलं तरी पुरे.